दोन पावलं

ट्राममध्ये एका मुलीनं उठून सेव्हेरीनोला जागा दिली. मुलगी विशीतली, डोक्यावर काळी जाळीदार ओढणी, हातात प्रार्थनेचं पुस्तक. रविवारची प्रार्थना आटोपून घरी निघालेली. "बसा तुम्ही," ती म्हणाली, "पाय दुखतोय तुमचा." विचारलं नाही, सांगितलंच. वाटेवरच्या कुणाही आंधळ्याला, गरोदर बाईला वाटून टाकावी तसली दया तिच्या बोलण्यात होती. सेव्हेरीनो बाल्मा, तोरिनोच्या आउरोरा संघाचा डावा बॅक, ज्याचं नाव निघालं की अर्ध्या देशातले फॉरवर्ड बसल्या जागी नडग्या चोळायला लागतात, त्याला एका पोरीनं आजोबांना द्यावी तशी जागा दिली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो बसला. बसायचं त्यानं ठरवलं नव्हतं. डाव्या गुडघ्यानं त्याला न विचारता परस्पर ठरवून टाकलं. बसल्यावर मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पोरीचं मनगट धरून पिरगाळावं असं त्याच्या हाताला वाटलं. त्याला नाही, हाताला. ते मनगट किती बारीक आहे आणि केवढासा आवाज होईल, हेही हातानं मापून ठेवलं. मग तो स्वतःच दचकला आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबून बसला. बाहेर धुकं काचांना चिकटलं होतं. समोरच्या बाकावरच्या एका माणसानं बायकोला कोपरानं ढोसलं. "नालबंद तो. आउरोराचा." बायकोनं सेव्हेरीनोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हा?" ती म्हणाली. "अहो, हा तर लंगडतोय."

गुडघ्याचं गुपित कालपर्यंत दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मालिशवाल्या पिनोतला. आता ते ट्रामला ठाऊक झालं होतं. पिनोत रोज मैदानावर सगळे निघून गेल्यावर गुडघ्यातलं पाणी दाबून पाहायचा आणि म्हणायचा, "सेव्हेरी, हा गुडघा नाही राहिला, ही पिशवी झाली. मेपर्यंत टिकली तर देवाला मेणबत्ती लाव." मेपर्यंतच टिकवायची होती. मोसम संपला की क्लबचे अध्यक्ष, 'कमेंदातोरे' हा सरकारी किताब मिरवणारे गालारीनी, त्याला मीठ-तंबाखूच्या दुकानाचा सरकारी परवाना मिळवून देणार होते. असा परवाना अर्ज करून मिळत नाही, वरच्या माणसाचा शब्द लागतो. आणि गालारीनींचा शब्द वरपर्यंत पोचतो हे शहरातलं शेंबडं पोर सांगेल. बायकोनं, रोझिल्दानं, कोपऱ्यावरची बंद पडलेली खोली जाऊन पाहिलीसुद्धा होती. गल्ल्यामागे आपण उंच स्टुलावर बसायचं आणि तू नुसतं दारात उभं राहायचं, तुला बघायला गिऱ्हाईक येईल, असं तिचं सगळं ठरलं होतं. बत्तीस वर्षांच्या माणसाला दुसरं काय येतं? नाल ठोकणं आणि माणसं अडवणं. घोडे आता कमी झाले होते, आणि लंगड्या बॅकला कुणी दारात उभं करत नाही. त्याच्यापुरतं सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं.

नाल ठोकणं त्याच्या बापाचं. वेर्चेल्लीच्या खाली, भातखाचरांच्या मुलखात, बात्तिस्ता बाल्माची भट्टी होती. उन्हाळ्यात खाचरांमधलं पाणी आभाळासारखं पसरायचं आणि भट्टीत अंधार असायचा, जळक्या खुराच्या वासाचा. सहा-सात वर्षांचा असताना सेव्हेरीनो एका घोडीपासून बिचकून मागे सरला होता. तेव्हा बापानं त्याला मानगुटीला धरून घोडीच्या मांडीला चिकटवून उभा केला. "अंग लाव अंगाला," बाप म्हणाला. "लांब उभा राहशील तर हाडं मोजत बसशील. लाथेला जागा लागते, पोरा. जागा देऊ नको." घोडीनं लाथ मारलीच. ती नुसती ढकलल्यासारखी लागली. पुढे त्यानं मैदानात जे काही केलं ते सगळं त्या एका धड्याचं. समोरच्या फॉरवर्डच्या अंगाला अंग लावून राहायचं, त्याच्या मानेवर श्वास सोडायचा, त्याचा घाम आपल्या शर्टाला लागू द्यायचा. त्याला पाय उचलायलाच जागा ठेवायची नाही. चेंडूच्या चामड्याच्या वादीनं कपाळ फाटू नये म्हणून डोक्याला गाठ मारलेला रुमाल, त्याखाली तुटलेलं नाक, समोरचे दोन दात गेलेले. लोक समजायचे की हा माणूस खाटीक आहे. खरं तर दहा वर्षांत त्यानं कुणाचं हाड मोडलं नव्हतं. कोपरं मारली, बोटं तुडवली, एकदा मिलानमध्ये एकाचा कान जवळजवळ हातात आला. पण हाड नाही. इतक्या जवळून हाड मोडतच नाही. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. कारण तो बॉलवर जायला लागला की स्वस्तातल्या पायऱ्यांवरून हजारो गळे ओरडायचे, "ठोक नाल! ठोक नाल!" आणि ते ऐकायला बरं वाटायचं.

त्याच बापाला दोन पावलं मागे ओढताना त्यानं पाहिलं होतं. सन बावीसच्या शरद ऋतूतली ती सकाळ. भात-निंदणीवाल्या बायकांच्या संघटनेची बैठक बापानं भट्टीत भरू दिली होती, एवढंच निमित्त. लॉरी आली, फॅसिस्टांचे काळे शर्ट उतरले, हातात सोटे. सेव्हेरीनो सतरा वर्षांचा होता. एका तापट घोडीचा मागचा पाय मांडीवर घेऊन, खुराकडे तोंड करून वाकलेला. पाय सोडला तर घोडी उधळणार आणि कुणाचा तरी जीव घेणार. बापानं हातोडी खाली ठेवली आणि जो पुढे आला त्याच्या छातीला छाती लावून उभा राहिला. सोटे पडत होते; पण इतक्या जवळून नुसते पाठीवर धपधप वाजत होते, गोणी झोडपल्यासारखे. बाप हू की चू करत नव्हता. मग लॉरीजवळ उभा असलेला, हातमोजे घातलेला एक तरुण माणूस शांतपणे म्हणाला, "असं नाही. मागे ओढा त्याला. दोन पावलं." त्यांनी ओढलं. त्यानंतरचा आवाज वेगळा होता. बापाचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला, मग बोटं. मग नरसाळं आणि एरंडेलाची बाटली. बाप गिळत असताना तो तरुण माणूस हातमोज्यांनी ताल धरून टाळ्या वाजवत होता, लहान मुलानं दूध संपवावं म्हणून वाजवतात तशा. सेव्हेरीनोनं घोडीचा पाय धरून ठेवला होता. सगळं संपून लॉरी गेली तरी तो धरूनच होता. शेवटी आईनं येऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली. त्याला पुढे कित्येकदा वाटलं, सोडायचा होता पाय. घोडीला तेवढं कळलं असतं.

हातमोजेवाला तरुण म्हणजे भातगिरणीवाल्या गालारीनींचा धाकटा मुलगा. पाच वर्षांनी तो तोरिनोत मोठा माणूस झाला, त्याला पदव्या चिकटल्या, आउरोरा क्लब त्याच्या ताब्यात आला. आणि एका सामन्यानंतर त्यानं वेर्चेल्लीकडच्या छोट्या संघातला राकट पोरगा पाहून विचारलं, "बाल्मा? नालबंदाचा?" सेव्हेरीनो हो म्हणाला. "तुझ्या बापाचा हात मला आठवतो," गालारीनी म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात लाज नव्हती, धमकीही नव्हती. एखादं जुनं दुकान आठवावं तसं तो बोलला. सेव्हेरीनोनं सही केली. का केली? पोटासाठी, असं तो सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याला असंही वाटलं होतं की या माणसाच्या जवळ राहावं, अंगाला अंग लावून, म्हणजे एक दिवस काहीतरी करता येईल. दहा वर्षं तो जवळ राहिला आणि काहीच केलं नाही. राग यायचा, नाही असं नाही. दर रविवारी यायचा आणि समोर जो पोरगा असेल त्याच्या बरगड्यांवर उतरायचा. कुणी खाणीतल्या मजुराचा पोरगा, कुणी गोदीतल्या हमालाचा. वर गॅलरीत गालारीनी हातमोज्यांनी टाळ्या वाजवायचा. बाप एकदाच सामना बघायला आला होता. मध्यंतरातच उठून गेला. संध्याकाळी स्टेशनवर त्याला गाडीत बसवताना सेव्हेरीनोनं विचारलं, "आवडलं नाही तुम्हाला?" बापानं वाकडा पंजा खिडकीच्या चौकटीवर ठेवला. "नाल जनावरासाठी ठोकतात," तो म्हणाला. "तू कुणासाठी ठोकतोस?" गाडी सुटेपर्यंत दोघंही त्या पंजाकडे बघत राहिले.

ट्राममधून उतरताना त्यानं मुद्दाम त्या मुलीकडे पाहिलं नाही. पायरीवरून उजवा पाय आधी टाकला, मग डावा. धुक्यातून मैदानाच्या दाराकडे असा चालला की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस मजेत चाललाय. कपडे बदलायच्या खोलीत कापराच्या तेलाचा वास होता. पिनोतनं गुडघ्यावर पट्टा इतका आवळला की पोटरी निळी पडली. तेवढ्यात दार उघडलं आणि सगळे ताठ उभे राहिले. गालारीनी आत आला, गळ्यात पांढरा रेशमी मफलर, केसांना रुपेरी कड. सगळ्यांशी दोन शब्द बोलून तो सेव्हेरीनोच्या बाकावर येऊन बसला, अगदी शेजारी.

"त्या लिव्होर्नोच्या पोराचा फोटो पाहिलास?" त्यानं विचारलं.

सगळ्या देशानं पाहिला होता. लिव्होर्नोच्या फोर्तेत्सा संघाचा उजवा विंगर, आर्जेओ लुपी, वीस वर्षांचा. सामन्याआधी दोन्ही संघ ओळीत उभे राहून हात वर करून सलाम करतात. एकवीस हात वर होते आणि हा पठ्ठ्या कान खाजवत होता.

"कानाला खाज सुटली म्हणे," गालारीनी म्हणाला. "आज त्याला असा नाल ठोक, की पुढच्या वेळी उभं राहायलाच दुसऱ्याचा खांदा लागेल. कान दुसरा कुणीतरी खाजवेल."

कुणीतरी हसलं. सेव्हेरीनो बुटाची नाडी बांधत राहिला. "मी जवळून खेळतो, साहेब," तो म्हणाला. "जवळून पाय मोडत नाही."

"मग लांबून खेळ." गालारीनीनं त्याच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, नेमका पट्ट्यावर, आणि हलकेच दाबला. सेव्हेरीनोच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले, पण त्यानं तोंड हलू दिलं नाही. "दोन पावलं मागे सरायचं, एवढंच. तुला मी शिकवायचं का? परवान्याचे कागद उद्या माझ्या टेबलावर येतायत. रोझिल्दाबाईंना सांग, स्टूल बघून ठेवा." तो उठला आणि हातमोजे चढवत निघून गेला. पिनोत खाली मान घालून तेलाच्या बाटलीचं बूच शोधत होता. बूच त्याच्या हातातच होतं.

सलामाच्या वेळी आर्जेओनं आज कान खाजवला नाही. त्यानं हात वर केलाच नाही, दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवले, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे. गॅलरीतून शिट्ट्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. जवळून तो पोरगा फारच कोवळा निघाला. मिशी नाही, गुडघे मुलींसारखे गुळगुळीत. सेव्हेरीनो त्याच्या अंगाला जाऊन चिकटला. "काका," आर्जेओ पुढे बघतच म्हणाला, "सकाळी लसूण खाल्लीत वाटतं?" सेव्हेरीनोनं त्याच्या बरगडीत कोपर मारलं. पोरगा कळवळला, वाकला आणि वाकल्यावाकल्याच चेंडू घेऊन पळाला. सगळा पहिला अर्धा तास असाच गेला. चेंडू येतो, सेव्हेरीनो चिकटतो, दणका देतो, आणि ज्या वेळी फिरायचं त्या वेळी गुडघा फिरत नाही. एकदा तर पोरानं चेंडू त्याच्या दोन पायांमधून काढला. मैदान हसलं. आउरोराचं मैदान, त्याचं स्वतःचं. त्याच पायऱ्या, तेच गळे. "नालबंदा, दुकान बंद कर!" कुणीतरी ओरडलं. "ट्राममध्ये जागा द्या रे त्याला!" दुसऱ्यानं साथ दिली. हे बोलणाऱ्याला सकाळचं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण सेव्हेरीनोला वाटलं की ती मुलगी, तो माणूस, ती बायको, सगळी ट्राम गॅलरीत येऊन बसली आहे. तोंडात रक्ताची चव आली; जीभ चावली गेली होती. हे पोरगं, ज्याच्या गुडघ्यांत अजून पंधरा वर्षं शिल्लक होती, हात मागे बांधून उभं राहतं आणि त्याला काही होत नाही? आपण घोडीचा पाय धरून राहिलो आणि हा कान खाजवतो? हा विचार आला तेव्हा त्याला त्याची लाज वाटली नाही. लाज नंतर वाटली.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि आर्जेओची धाव बरोबर मुख्य गॅलरीच्या पुढून व्हायला लागली. कठड्यापलीकडे पहिल्या रांगेत पांढरा मफलर. सेव्हेरीनोनं एकदाच तिकडे पाहिलं. गालारीनीनं दोन बोटं वर केली आणि मागे नेली. चेंडू आर्जेओकडे आला. सेव्हेरीनो नेहमीसारखा चिकटायला निघाला आणि मग चिकटला नाही. तो मागे सरला. एक पाऊल, दुसरं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आणि समोरच्या माणसाच्या मध्ये मोकळी जागा होती, आणि त्या जागेतून त्याला पोराची नडगी स्वच्छ दिसली. मोजा घसरलेला, वर पांढरी कातडी, खाली हाड. परवाना त्याच्या डोक्यात नव्हता, गालारीनीही नव्हता. त्याला ते मोडायचं होतं. "ठोक नाल!" पायऱ्या गरजल्या. त्यानं डावा पाय रोवला आणि उजवा पाय कमरेपासून फिरवला.

आवाज झाला, पण त्याच्याच गुडघ्यात. रोवलेला पाय आतल्या आत फिरला आणि तो आडवा झाला. बुटाचे खिळे पोराच्या पोटरीवरून खरवडत गेले; मोजा फाटला, मांस उघडं पडलं, पण हाड वाचलं. आर्जेओ लंगडी घालत दोन उड्या मारून उभा राहिला. सेव्हेरीनो गवतावर पडून राहिला, गाल चिखलात. चिखल गार होता आणि बरा वाटत होता. सगळीकडे शांत झालं होतं. त्या शांततेत टाळ्या ऐकू आल्या, हातमोज्यातल्या, मऊ, तालावर. पंधरा वर्षांपूर्वीचा तो ताल त्याच्या कानांनी लगेच ओळखला. म्हणजे बाप गिळत होता तेव्हाही, आणि आत्ताही. आणि मधली दहा वर्षं आपण ह्याच टाळ्यांसाठी धावलो. मोडलं असतं आपण त्या पोराचं हाड. गुडघा गेला म्हणून वाचला, आपण शहाणे म्हणून नाही. पिनोत पाण्याची बादली घेऊन धावत आला तेव्हा नालबंद रडत होता. पिनोतनं स्पंज घेऊन आधी त्याचं तोंड पुसलं, मग गुडघा पाहिला, आणि पुन्हा तोंडच पुसलं.

बदली खेळाडू घ्यायची सोय कुणालाच नव्हती. जायबंदी झालेल्याला विंगला नेऊन उभं करायचं, ही सगळ्या देशाची रीत. तिथे तो नुसता उभा राहतो, निदान आकडा तरी भरतो. त्याला कुणी चेंडू देत नाही. आणि त्याला कुणी मारतही नाही. लंगड्याला मारणं म्हणजे आपल्या बापाच्या मयतीला लाडू मागण्यासारखं. तसा सेव्हेरीनो डाव्या विंगला उभा राहिला, रेघेजवळ, गॅलरीच्या पुढे. इतकी वर्षं मैदानाचं हे टोक त्यानं लांबूनच पाहिलं होतं. इथून लोकांचे चेहरे दिसत होते. भाजलेल्या चेस्टनटचा वास येत होता. बायकांच्या टोप्यांवरची पिसं, एकाच्या हातातला थर्मास, आणि कठड्याच्या मागे गालारीनी, शेजारच्या अधिकाऱ्याच्या कानाला लागलेला. त्यानं सेव्हेरीनोकडे पाहून मान हलवली, नाराज मास्तरासारखी, आणि दोन्ही हात पसरले. गेलं, असा त्याचा अर्थ. परवाना, स्टूल, कोपऱ्यावरची खोली. सेव्हेरीनोला रोझिल्दाचं वाईट वाटलं. तिनं गल्ल्यावर घालायला जाजमाचा तुकडासुद्धा आणून ठेवला होता. मग त्याच्या ध्यानात आलं की तो आणि गालारीनी यांच्यामध्ये आज बरोबर लाथेला लागते तेवढी जागा आहे, ज्या जागेबद्दल बापानं बजावलं होतं. फार जवळ नाही, फार लांब नाही. दहा वर्षं आपण चुकीच्या ठिकाणी चिकटून राहिलो.

चेंडू कुणी त्याला दिला नाही. तो आपणहून आला. मधल्या धुमश्चक्रीत कुणाच्या तरी डोक्याला लागून उडाला आणि टप्पे खात रेघेकडे, त्याच्याकडे यायला लागला. फोर्तेत्साचा बॅक, चांगला दणकट, पोरंबाळं असलेला माणूस, सवयीनं धावत आला आणि लंगडा दिसताच थबकला. रीत ती रीत. तो दोन पावलं मागे थांबला, कमरेवर हात ठेवून, आणि दमल्या आवाजात म्हणाला, "घे बाबा, मार बाहेर. कुणी काही करत नाही तुला." सेव्हेरीनोनं मैदानाकडे पाठ केली. बापानं पाय मांडीवर घेण्याआधी घोडीला पुचकारावं तसं तो गुडघ्याला काहीतरी पुटपुटला. सगळा भार त्यावर टाकला की तो पुन्हा कधी उचलता येणार नाही हे त्याला कळत होतं. त्यानं टाकला. आत काहीतरी चिंध्यांसारखं फाटत गेलं, पण तोपर्यंत उजवा पाय निघाला होता. कमरेपासून, खांद्यापासून, भट्टीतल्या त्या अंधारापासून. चिखलानं दुप्पट जड झालेला चेंडू जमिनीवरून उठताना त्यानं गाठला.

गालारीनी शेजाऱ्याला काहीतरी सांगत हसत होता. चेंडू वादीच्या बाजूनं त्याच्या तोंडावर बसला. आवाज सगळ्यांनी ऐकला. ओल्या फळीवर हातोडी पडावी तसा. खुर्ची मागे उलथली, हातमोजे वर आले, आणि पांढरा मफलर बघता बघता लाल झाला. नाक एका गालाकडे सरकलं होतं. ओठांतून काहीतरी पडलं, ते शेजारच्या अधिकाऱ्यानं घाईघाईनं वेचलं, दात होता. रेफ्रीनं शिट्टी तोंडात धरली होती आणि ती वाजवावी की नाही हे त्याला सुचत नव्हतं. मग कुणीतरी, देव त्याचं भलं करो, मोठ्यानं म्हणालं, "लंगडा हो बिचारा! पाय सटकला!" आणि मग पायऱ्यांवरून ते गडगडत आलं. "लंगडा! लंगडा!" ह्यावर काय बोलणार? लंगड्याच्या पायाला नेम कुठून असणार! गालारीनीला लोकांनी उठवून बसवलं. त्यानं रक्ताळल्या मफलरावरून सेव्हेरीनोकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. पण हजारो माणसांसमोर त्याला दोनच गोष्टी करता येण्यासारख्या होत्या: एका नालबंदाच्या पोरानं आपलं तोंड फोडलं हे कबूल करायचं, नाहीतर हसायचं. तो हसला. तोंड उघडल्यावर रक्त हनुवटीवर ओघळलं, तरी हसला, आणि हात हलवून 'चालू द्या' अशी खूण केली. तो हसल्यावर अधिकारी हसले, मग गॅलरी, मग पायऱ्या, सगळं मैदान पोट धरधरून हसलं. सेव्हेरीनो तेवढा हसत नव्हता. तो रेघेवर बसला होता. पाय त्याचा राहिला नव्हता.

चेंडू आत फेकायला आर्जेओ आला. फाटलेल्या मोज्यातून रक्त बुटात उतरत होतं. "काका," तो चेंडू पुसत हळूच म्हणाला, "माझ्या वेळी हा नेम कुठे गेला होता?"

"तुझ्या वेळीही धरला होता," सेव्हेरीनो म्हणाला. "चुकला."

आर्जेओनं चेंडू पुसायचं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. त्या कोवळ्या तोंडावरची चेष्टा गेली आणि पहिल्यांदाच तिथे भीती आली. "नशीब माझं," तो म्हणाला.

"हो. सामना संपला की कपडे बदलत बसू नकोस. तसाच स्टेशनवर जा. आज गालारीनीची माणसं माझ्यात गुंतलेली असतील."

सामना कोण जिंकलं हे त्यानं विचारलं नाही. कपडे बदलायच्या खोलीत आज कुणी गात नव्हतं, कुणी अंग चोळत नव्हतं. बूट काखेत मारून पोरं एकेक करून निघून गेली. एकानं जाताना त्याच्या डोक्यावरच्या रुमालाला हात लावला, देवळात लावावा तसा, आणि पळाला. शेवटी पिनोत राहिला. त्यानं गुडघ्याला फळी बांधली, बाटल्या पेटीत भरल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा भरल्या. "सेव्हेरी," तो म्हणाला, "ही खिडकी जरा मोठी असती तर."

"तू जा, पिनोत."

"मला घरी तीन पोरं आहेत रे."

"म्हणूनच सांगतोय. रोझिल्दाला म्हणावं, मी आज बाबांच्या पद्धतीनं खेळलो, नाल जनावरालाच ठोकला. तिला नाही कळलं तर बाबांना कळव."

पिनोत गेला. दिव्याभोवती कापराच्या तेलाचा वास राहिला. सेव्हेरीनो बाकावर बसून होता आणि त्याला आश्चर्य वाटत होतं की राग कुठेच नाही. सकाळपासून, नव्हे, सतरा वर्षांचा होता तेव्हापासून हातापायांत भरून राहिलेला राग एकदम उतरला होता, ताप उतरावा तसा, आणि अंग हलकं, जरा थंड पडलं होतं. भीती होती. ती त्याला नीट ओळखता येत होती; भट्टीतल्या त्या पहिल्या दिवशी घोडीसमोर होती तीच. बाहेरच्या बोळात लॉरी येऊन थांबली. इंजिन बंद झालं नाही. दार आपटल्याचे आवाज आले, मग बोळातून बूट, घाई नसलेले. एकाचा सोटा भिंतीवरून खरखरत येत होता.

तो उठला. बाकाला धरून, मग खुंट्यांना, मग भिंतीला धरून, फळी बांधलेला पाय ओढत तो दारापर्यंत गेला. दार आत उघडणारं होतं. दार उघडेल तेवढी जागा सोडून तो चौकटीला लागून उभा राहिला, असा की जो पहिला आत येईल त्याची छाती थेट आपल्या छातीवर यावी. हात मोकळे ठेवले. बूट दारापाशी थांबले. सेव्हेरीनोनं डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि आणखी थोडा पुढे सरकला.